हवेचा चेंडू

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुपारचं ऊन जाळीतून आत येतं आणि खुर्च्यांच्या पायांशी सांडून राहतं. तिथे काही माणसं बसल्या जागी चीगाँग नावाचा संथ चिनी व्यायाम करतात. मी ताईबरोबर येते आणि भिंतीशी बसून राहते.

“दोन तळव्यांमध्ये हवेचा चेंडू आहे असं समजा,” शिकवणाऱ्या बाई म्हणतात. “श्वास घेतला की तो फुगतो, सोडला की लहान होतो. ज्यांचा हात वर जात नाही, त्यांनी मनानं उचलावा.”

पहिल्या दिवशी मला हसूच आलं होतं. आता येत नाही. सगळे हात पाण्याखालच्या गवतासारखे हलू लागतात. ताईचेही. व्हीलचेअरची चाकं फिरवून घट्टे पडलेले ते हात! तिनं आजवर कुणाला ती खुर्ची ढकलू दिलेली नाही, मलासुद्धा नाही. तेच हात आता काहीच नसलेलं काहीतरी इतकं जपून धरतात, की वाटतं, आपण हातांना जन्मभर नुसती कामंच सांगितली. जरा तरंगा, असं कधी म्हटलंच नाही. तिचे कानांपर्यंत चढलेले खांदे हळूहळू खाली येतात, आणि माझाही श्वास नकळत तिच्या लयीत चालू लागतो.

आज तास संपला. बाकीच्यांनी हात झटकले, पिशव्या उचलल्या. ताई मात्र तशीच, डोळे मिटून, चेंडू सांभाळत बसलेली.

“ताई, निघायचं ना?”

“हो. आज तू ढकल गं,” ती म्हणाली. “माझे हात मोकळे नाहीत.”