साडूंचा एक्केचाळिसावा पाना

माझे साडू हंबीरराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता गडी शेतात रमेल. कडेगावला त्यांचा पाण्याखालचा ऊस आहे. पण वर्कशॉपात चोवीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला माणूस. उसात त्यांना काही फिरवायलाच मिळेना. मग त्यांनी जुने स्क्रू पाने जमवायला घेतले. चाकी फिरवली की जबडा लहानमोठा होतो, ते पाने. माझी मेहुणी मंगल म्हणते, "दाजी, लोकांच्या पलंगाखाली बाटल्या घावत्यात, आमच्यात पाने."

मी साताऱ्याच्या सरकारी कचेरीत हयात घालवली. कागदावर नसेल ते मला खरं वाटत नाही. हंबीररावांचा भरवसा लोखंडावर. पाना हातात आला की ते आधी त्याचा वास घेतात. मग दांड्यावर खडू घासतात, म्हणजे गंजात बुजलेली अक्षरं पांढरी होऊन वर येतात. हे मात्र खरं आहे, मी पाहिलंय. मग चाकीवरच्या रेघा, जबड्याचा कोन, आणि निकाल: "इंग्लंडचा. रेल्वेतला." ते सांगणार आणि मी पुठ्ठ्यावर लिहिणार, कारण माझं अक्षर चांगलं. या सगळ्या पापात माझा वाटा एवढाच.

एक्केचाळिसावा पाना त्यांना माधवनगरला वर्धमान शेटच्या भंगाराच्या दुकानात मिळाला. त्यावर एकही अक्षर नव्हतं. खडू घासल्यावर फक्त पाच ठिपके दिसले, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. शिवाय चाकी उलटी. इतर पाने जिकडे फिरवल्यावर मिटतात, तिकडे हा उघडायचा. शेट म्हणाले, "हवालदार, चुकून बनलाय ह्यो. न्या तसाच."

चुकून बनलाय हे हंबीररावांच्या जिव्हारी लागलं. दोन वर्षं त्यांनी त्या पान्याचे फोटो व्हॉट्सॲपवर देशभरच्या संग्राहकांना पाठवले. कुणालाच ओळखता येईना. शेवटी त्यांनीच ठरवलं, हा जर्मनीचा, जहाजावरचा.

"कशावरून?" मी विचारलं.

"मग दुसरं काय असंल?" ते म्हणाले.

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जर्मनी. जहाजावरील दुर्मीळ पाना.'

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी सांगलीच्या एका कॉलेजात जुन्या हत्यारांचं प्रदर्शन ठरलं. मधल्या काचेच्या पेटीत एकच वस्तू राहणार होती, आणि ती हा पाना. स्वतःच्या लग्नात नव्हते एवढे हंबीरराव त्या महिन्यात खूश होते. इस्त्रीचा सदरा आठवडाभर आधीच खुंटीला लागला होता.

खंडेनवमीला आम्ही नवराबायको कडेगावला गेलो. हंबीररावांनी घोंगडीवर एक्केचाळीस पाने ओळीनं मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. जर्मनीला मात्र कुंकू नाही. "डाग पडंल," म्हणाले. त्यांच्या घरचा रिवाज असा की एकदा पूजा मांडली की दसरा होईपर्यंत हत्यार जागचं हलवायचं नाही.

थोड्या वेळानं शेजारच्या शालूबाई प्रसादाला आल्या. गावच्या आकाराम लोहाराची ही बायको. आकाराम जाऊन बारा वर्षं झाली, ह्या आता ऐंशीच्या पुढच्या. ओळ बघत बघत टोकाला गेल्या आणि तिथंच खाली बसल्या.

"हंबीरा, ह्यो आमचा हाय."

"काकी, ह्यो जर्मनीचा हाय."

"व्हय? मग माझ्या हातावर जर्मनीनं गोंदलंय का रं?"

त्यांनी मनगट पुढं केलं. सुरकुत्यांत हिरवे पाच ठिपके, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक.

"त्यास्नी लिवाय येत न्हवतं," शालूबाई म्हणाल्या. "केलेल्या जिनसावर माझं गोंदण ठोकायचं. ह्यो ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा केलाय. आन् माणूस डावरं. सरळ चाकी अंगठ्याला बसंना, म्हणून उलटी केली. ते गेल्यावर नातवानं भंगारवाल्याला दिला आन् प्लॅस्टिकचं घमेलं घिऊन आला. मी दोन दीस जेवले न्हाई."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मंगल म्हणाली. लोहाराचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून आहे.

एरवी मी वर्षभर पुरेल एवढा हसलो असतो. पण साडूंचं तोंड बघून मला वाईट वाटलं. म्हणून मी हळूच म्हणालो, "रविवारपुरता जर्मनीच राहू द्या. आपल्या पाच जणांशिवाय कुणाला माहीत आहे?"

नव्या रंगरुटाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पूजेतून पाना उचलला.

"आवं, पूजा मोडती," मंगल म्हणाली.

त्यांनी पाना डाव्या हातात धरला आणि चाकीवर अंगठा ठेवला. दोन वर्षं उजव्या हातानं ते त्या चाकीशी झटत होते. डाव्या अंगठ्याखाली ती सहज फिरली.

"ल्हानपणी मी काकांचा भाता वढायचो," हंबीरराव म्हणाले. "रोज समोर बसायचो. घण डाव्या हातानं मारायचं, ह्ये मला म्हाईत हुतं."

त्यांनी पाना शालूबाईंच्या पदरात ठेवला. "न्या काकी. तुमचा हाय."

शालूबाईंनी तो पदरानं पुसला. "दसऱ्यापतूर न्हेते. त्येंच्या ऐरणीपाशी पुजते. मग तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे, बाबा. घरात ठिवला तर परत घमेलं यील."

दसरा झाल्यावर पाना परत आला तो तेलानं माखून, वर कुंकवाचा ठसठशीत टिळा लावून. मी जुना पुठ्ठा फाडला आणि नवा लिहिला, 'आकाराम लोहार, कडेगाव. डाव्या हाताचा.' एवढं मन लावून मी नोकरीत काही लिहिलं नव्हतं.

रविवारी सांगलीत पेटीत पाना ठेवताना कॉलेजचे एक प्राध्यापक म्हणाले, "हवालदारसाहेब, हे कुंकू पुसून घेऊ का?"

"ऱ्हाऊ द्या," हंबीरराव म्हणाले. "वळखायची खूण हाय ती."