पाटीला दोन भोकं

गिरमिटकाकूंचं सगळं आयुष्य भोकं पाडण्यात गेलं. हे त्या स्वतःच ठणकावून सांगतात. आधी सव्वीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात काजं केली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा चार दिवस घरात बसल्या, पाचव्या दिवशी भिंतीकडे बघून कंटाळल्या आणि नवऱ्याच्या खोलीत शिरल्या. नवरा कातारी, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून गोल करणारा. पूर्वी पलंगाचे पाय कातायचा. आता तसले पलंग कोणाला हवेत? म्हणून लाकडी पेनं करायला लागला होता.

पेन गोल करायच्या आधी लाकडाच्या बोटभर चौकोनी तुकड्यात लांबीभर भोक पाडावं लागतं. त्यात पितळी नळी बसते आणि नळीत रिफिल. काकूंनी पहिल्याच दिवशी सहा तुकड्यांत भोकं पाडली आणि सहाही सरळ निघाली. नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि तेव्हापासून ड्रिलला हात लावला नाही. त्याला ते काम मुळात आवडायचंच नाही.

गिरमिट हे भोक पाडायचं जुनं हत्यार, हे खरं. पण एकच गोष्ट दहादा बोलून समोरच्याचं डोकं पोखरणाऱ्यालाही लोक गिरमिटच म्हणतात. शेजाऱ्यांनी काकूंना हे नाव यातल्या कोणत्या कारणानं ठेवलं, ते नवऱ्याला विचारू नका. बिचारा खरं सांगून बसेल.

तर झालं असं की, नवऱ्यानं दारावर लावायला नवी पाटी रंगवून आणली. ‘हाताने बनवलेली लाकडी पेनं’ आणि खाली त्याचं नाव, ठसठशीत. काकूंनी पाटी उलटी केली. मागे काहीच नव्हतं.

“अहो, माझं नाव कुठाय?”

“तुझं कशाला? पेनं मी करतो.”

“आणि भोकं?”

“अगं, भोक पाडायला काय अक्कल लागते?”

झालं! काकूंच्या ते जिव्हारी लागलं. अकरा वर्षांची भोकं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली, एकूण एक सरळ, आणि कोणाला दिसलं नाही ते, कारण वर लाकडाची चकाकी होती. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा खुंटीला अडकवला.

“बरं तर. आता तुम्हीच पाडा.”

वेळही अशी नेमकी की विचारू नका. गावातल्या शाळेच्या मोठ्या बाई निवृत्त होत होत्या. लहानपणी ज्या बाकावर बसून त्या शिकल्या, त्याच बाकाच्या मोडक्या फळीचं पेन त्यांना हवं होतं. फळीतून तीनच तुकडे निघाले. त्यातल्या एकात जांभळ्या शाईचा डाग खोलवर मुरला होता. फळी देताना बाईंनी त्या डागावर बोट ठेवलं होतं. “डाग तेवढा राहू दे हं. दौत मीच सांडली होती. आईनं बदडलं होतं,” त्या म्हणाल्या होत्या. शनिवारी अकरा वाजता त्या येणार होत्या.

शुक्रवारी काकू शेजारच्या खोलीत मटार सोलत बसल्या, कान मात्र ड्रिलपाशी. आवाज ऐकूनच त्यांना कळलं की हा माणूस ड्रिलचं टोक, ते बिट, खाली दाबतोय तो दाबतोयच. अहो, मध्येमध्ये वर घ्या, भुसा बाहेर पडू द्या! ओठावर आलेलं वाक्य त्यांनी मटाराबरोबर गिळलं. करपल्याचा वास आला, मग काड्कन आवाज, मग शांतता. थोड्या वेळानं त्या चपला घालायला गेल्या तर डाव्या चपलेखाली तडकलेला तुकडा.

दुसरा तुकडा संध्याकाळी तांदळाच्या डब्यात सापडला. त्यात बिट कुशीतून बाहेर आलं होतं.

“मशीनच वाकडं आहे,” नवरा दारातून म्हणाला.

“हो ना. आणि अंगणही.”

आता राहिला डागाचा तुकडा. शनिवारी सकाळी नवऱ्यानं तो शिकंज्यात धरला, सोडवला, परत धरला. मग तो हातात घेऊन काकूंसमोर उभा राहिला. गडी चांगला साठीचा, पण चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

“नाही जमत गं मला,” तो म्हणाला. “खरंच नाही जमत.”

“बिळं मी पाडायची आणि आयते नागोबा तुम्ही!” काकू म्हणाल्या, पण चष्मा खुंटीवरून काढूनच.

नवरा पहिल्यांदाच नीट बघत उभा राहिला. काकूंनी बिटाची धार नखावर पाहिली. मधोमध टोच्यानं खूण केली. तीन मोजून बिट वर, भुसा फुंकायचा, पुन्हा तीन. दर खेपेला तुकडा गालाला लावायचा. ऊन लागला की थांबायचं, निवला की पुढे. दुसऱ्या टोकातून बिट बाहेर काढायचंच नाही, नाहीतर कडा फुटते. तळाला थोडं लाकूड ठेवायचं आणि ते करवतीनं कापायचं, की भोक आपोआप उघडं पडतं.

“हे तू अकरा वर्षं करतेयस?”

“नाही. अकरा वर्षं मटार सोलतेय!”

बाई अकराला पाच मिनिटं कमी असतानाच आल्या. पेनाची दांडी कातून चकचकीत झाली होती, टोकं बसवायची बाकी होती. जांभळा डाग बरोबर मधोमध. बाईंचे डोळे भरून आले. “काय हात आहे हो तुमचा!” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

काकू भुसा झाडायला लागल्या. हे वाक्य त्यांना पाठ होतं.

“बाई, आधी यातून बघा,” नवऱ्यानं दांडी त्यांच्या डोळ्यासमोर धरली. “काय दिसतं?”

“तुमच्या मिसेस दिसतायत. झाडू घेऊन.”

“तेच. पेन तिनं केलंय. मी नुसतं वरून सोललंय.”

काकूंचा झाडू थांबला. डोळ्यांत भुसा गेल्याचं त्यांनी सांगितलं, चष्मा डोळ्यांवर असताना.

सोमवारी नवऱ्यानं पाटी पुन्हा रंगवून आणली. यावर दोन नावं होती आणि पहिलं काकूंचं. तार ओवायला वरच्या कडेला दोन भोकं हवी होती. तो पाटी घेऊन ड्रिलपाशी आला आणि लाडीगोडीनं म्हणाला, “एवढी दोन पाडतेस?”

“तुम्हीच पाडा. त्याला काय अक्कल लागते?”

त्यानं पाडली. पाटी आजही दारावर तिरकी लटकते. लोक सरळ करून बघतात, हात सोडला की ती पुन्हा तिरकी. काकूंची त्याबद्दल काही तक्रार नाही. त्यांच्या नावाची बाजू वर आहे.