डाळ भिजायच्या आत

"कुणीतरी वारलं म्हणून कळव. मग पुढे कुणी काही विचारत नाही."

आईची मैत्रीण हे इतक्या सहज म्हणाली की ती दुसऱ्याच कुठल्या घराबद्दल बोलते आहे असं मला वाटलं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेरच्या खोलीत आई पुटपुटली, "अगं, महिन्यापूर्वी सांगून ठेवलंय तिला. कार्यक्रम उद्यावर आलाय." मैत्रीण म्हणाली, "म्हणूनच तर."

कार्यक्रम आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा होता. जिला टाळायचं होतं ती सरूमावशी.

सरूमावशी राजूरच्या. घरगुती कार्यक्रमांचा पन्नास-साठ पानांचा स्वयंपाक त्या एकट्या करायच्या. जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या घरात माझ्या लहानपणापासूनचं प्रत्येक बारसं, प्रत्येक सत्यनारायण त्यांच्या हातचा. उंच, सडसडीत, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि पिशवीत स्वतःचा सराटा, लांब दांड्याचं उलथणं. दुसऱ्याच्या घरचा सराटा त्या हातात धरत नसत. स्वयंपाक करताना कधी चवही घेत नसत. पातेल्यावर वाकायच्या, डोळे मिटून वाफ ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मीठ मागून राह्यली." आणि आमटी खरंच मीठ मागत असायची.

त्यांचा एकच कडक नियम होता. दहीवड्यांची डाळ त्या आदल्या दिवशी दुपारी राजूरला, आपल्याच घरी भिजवायच्या. शहरातलं पाणी डाळीला मानवत नाही असं त्यांचं म्हणणं. पहाटे ती वाटायची आणि डबा घेऊन पहिल्या गाडीनं जालन्याला यायचं. काम घेताना त्या सांगायच्या, "डाळ भिजायच्या आत न्हाई म्हणा, मी एक सबद बोलणार न्हाई. डाळ भिजली की मंग तुम्ही बी बांधले, मी बी बांधले." त्यानंतर कुणी कितीही मोठं काम घेऊन आलं तरी त्या सरळ नकार द्यायच्या.

हा नियम फक्त गिऱ्हाइकांसाठी नव्हता. एकदा आमच्याकडच्या सत्यनारायणाच्या आदल्या सकाळी त्या दारात उभ्या. उजवा हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेला, तेल उडून भाजलेला. आई म्हणाली, "अहो, एवढ्यासाठी कशाला आलात? फोन करायचा." मावशींना ते पटलंच नाही. "हो म्हणायला फोन पुरतो, ताई. न्हाई म्हणायला माणसानं यावं. समोरच्याला दोन शिव्या द्यायच्या असल्या तर त्या घ्यायला कुणी नको का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या नणंदेला आणलं आणि स्वतः स्टुलावर बसून दिवसभर तिला हैराण केलं. शेवटी नणंद म्हणाली, "वहिनी, तुमचं तोंड भाजलं असतं तर बरं झालं असतं." सगळ्यांत मोठ्यानं मावशीच हसल्या.

दुसऱ्याची अडचण मात्र त्यांना लगेच कळायची. एका घरी ऐन कार्याच्या पहाटे नवरदेवाच्या वडिलांना दवाखान्यात हलवावं लागलं. त्या घरच्या बाईनं रडत फोन केला. मावशी म्हणाल्या, "डाळीचं मी बघते, तुम्ही माणूस बघा." सगळे वडे तळून त्यांनी दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटले. हे मला त्यांनी नाही, त्यांच्या नणंदेनं सांगितलं.

मी घरात फार बोलत नाही. शाळेत इंग्रजी आणि घरी मराठी, यात दोन्हीकडे गप्प राहायची सवय लागली. मावशींना त्यात काही वावगं वाटलं नाही. काम ठरलं की त्या आईला दोनदा विचारायच्या, "पक्कं का? बराबर पक्कं?" आणि तिसऱ्यांदा माझ्याकडे वळायच्या. "ही पोर उगं बोलत न्हाई. ही पक्कं म्हणली म्हंजे झालं." महिन्यापूर्वी मीच पक्कं म्हटलं होतं.

मैत्रीण गेल्यावर आईनं मला फोन दिला. मैत्रिणीच्या ओळखीचा एक कॅटरर दोन दिवसांपूर्वी ठरला होता. गच्चीवर डोशाचा काउंटर, टोप्या घातलेली माणसं. कमरेला पदर खोचलेली मावशी त्यात बसत नव्हती. "फोन केला तर शंभर प्रश्न विचारील. तू मेसेज कर. नांदेडचे मोठे मामा, असं लिही."

मोठे मामा म्हणजे आईचे सख्खे मोठे भाऊ. मी आईकडे पाहिलं. आई माझी नजर टाळत म्हणाली, "गुडघ्यामुळे तो येणार नाहीये उद्या. कोणाला कळतंय?"

तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. राजूरला डाळ कधीच भिजली असणार, हे मला माहीत होतं. मी लिहिलं : "मावशी, नांदेडचे मोठे मामा आज वारले. उद्याचा कार्यक्रम रद्द केला आहे. कृपया येऊ नका." 'कृपया' लिहिल्याचं मला समाधानही वाटलं. थोड्याच वेळात आईचा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. आईनं तो उचलून फ्रिजवर पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मोठे मामा आले. काठी टेकत, आईसाठी पैठणी घेऊन. "गुडघा गेला खड्ड्यात, बहिणीची पंचविशी पुन्हा येणारे का?" मी दार अडवूनच उभी राहिले. मामा म्हणाले, "काय गं, भूत बघितल्यासारखी काय बघतेस?"

साडेबाराच्या सुमारास मी खाली फाटकाशी उभी होते. वर फोटो चालले होते आणि मला त्यांत यायचं नव्हतं. एक रिक्षा थांबली. मावशी उतरल्या. फिकट लुगडं, सुजलेले डोळे, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. वरून गाण्याचा आवाज येत होता. त्यांनी शेजारच्या घराकडे रागानं पाहिलं.

"लोकाला काही वाटतं का न्हाई, माय! मयताच्या घराला खेटून गाणे लावून राह्यले." मग माझ्या तोंडावरून हात फिरवला. "काल खबर आली अन् हातपायच गळाले. डाळ गुरांपुढं टाकली. असल्या दिवशी तळण कसं करावं? तुमच्या घरी चूल पेटली नसंल, म्हणून पिठलं-भाकर आणली. ताई नांदेडहून आल्या असतील तर त्यांच्या तोंडात दोन घास घालते अन् जाते."

मयताच्या घरी शेजारीपाजारी जे जेवण घेऊन जातात, ते त्यांनी आणलं होतं. राजूरहून, गाडीनं.

तेवढ्यात मोठे मामा ताटली सांभाळत जिना उतरून आले. "सरूबाई! तरीच म्हटलं वर हे टोपीवाले कोण. अहो, तुमच्या दहीवड्याची सर नाही बरं का याला!"

मावशींनी एका हातानं फाटक धरलं. मामांकडे बघत राहिल्या. मग हळूच त्यांच्या बाहीला बोट लावून पाहिलं.

"दादा... जित्ते हाव तुम्ही?"

जिन्यात उभे असलेले चार-पाच पाहुणे हसले. मामाही हसले. "का, मला घाई आहे का?"

"तुमच्यासाठी गाडीत रडत आल्ते मी," मावशी म्हणाल्या. "शेजारची बाई पाणी पाजून राह्यली होती मला."

मामांना काही उमगेना. विषय बदलावा म्हणून त्यांनी गाठोड्याला हात घातला. "पिठल्याचा वास येतोय. आणा इकडं." मावशी दचकून मागे सरकल्या. गाठोडं त्यांनी पोटाशी धरलं. "हात नका लावू, दादा! मयताच्या नावानं बांधलंय हे. तुम्ही खाऊ न्हाई."

आता मामांचं हसू मावळलं. त्याच वेळी आई खाली आली. नवी पैठणी, केसांत गजरे. मावशींनी तिच्याकडे एकदा पाहिलं, वरच्या झालरींकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. आवाज मात्र चढला नाही.

"ताई, एका न्हाईसाठी सख्खा भाऊ मारला का? सरू, तू नको, एवढं म्हणलं असतं तर मी घरी बसले असते."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्या आईला असं मी कधी पाहिलं नव्हतं. पण पुढच्याच क्षणी ती हसली, आणि त्या हसण्यानं मी जास्त हादरले. "अहो, भलतंच काय बोलता! हिचा घोळ सगळा. इंग्लिश मीडियमची ना, मराठी धड लिहिता येत नाही. कुणाचा निरोप कुणाला पाठवला, देव जाणे!"

जिन्यातले पाहुणे सुटल्यासारखे हसले. मामांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "वा! मला मारलंस होय गं?"

मावशी हसल्या नाहीत. माझ्याजवळ आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक आशा होती आणि ती मला बघवत नव्हती.

"हो का, बेटी? चुकून झालं का?"

मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आईची लाज राहिली असती, मावशी डोळे पुसून वर आल्या असत्या आणि पुढच्या कार्यालाही आल्या असत्या. त्यांना तेच हवं होतं, हे मला दिसत होतं. या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. त्या दुपारनंतर मावशी आमच्या घरी आल्या नाहीत, आणि मीही राजूरला गेले नाही. पण तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, आणि एवढ्या माणसांसमोर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"चुकून नाही, मावशी," मी म्हणाले. "आम्ही दुसरे आचारी ठरवले होते. तुम्हाला नको म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून मामांना मारलं. आईनं सांगितलं, आणि मी लिहिलं."