शिवणकाकूंची कटरखरेदी

समोरच्या शिवणकाकूंची लेक उद्यापासून टॅक्सी चालवणार. तिच्या किल्लीला अडकवायला सीटबेल्ट कापायचं छोटं कटर हवं, म्हणून काकू लेकीला आणि नवऱ्याला घेऊन दुकानात गेल्या. दुकानदाराने कटरं मांडताच काकूंनी नवऱ्याच्या कमरेचा कापडी पट्टाच काढून घेतला. काका बिचारे पँट धरून उभे!

"आई, लोक हसतायत गं!"

"हसू देत. अपघातात उजवा हात अडकला तर? डाव्या हाताने काप."

दोन कटरं पट्ट्यावरून नुसतीच घसरली. तिसऱ्याने पट्ट्याचे खर्रकन दोन तुकडे झाले. लेकीने ते कटर आपणहून किल्लीत ओवलं. "आता कुठेही अडकले तरी सुटून येईन."

परतताना काकूंची मान इतकी ताठ, की गल्लीत कुणाला ओळखही दाखवेनात!