बोलण्याआधी थांबणारा

गजानन गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीतल्या ऑफिसात एका बंद खोलीत बसलो होतो. वर्षअखेरीची ती मीटिंग होती. आम्ही चार-पाच मॅनेजर तिथे आपापल्या माणसांची नावं घेतो आणि कोणाला कुठली श्रेणी द्यायची ते ठरवतो. ज्यांच्याबद्दल बोलणं चालतं ते अर्थातच खोलीत नसतात. माझ्या टीममधल्या एका मुलीचं नाव आलं होतं आणि मी म्हणत होतो, "काम उत्तम आहे तिचं, पण..." तेवढ्यात टेबलावर उपडा ठेवलेला फोन थरथरला. धायरीहून सुषमावहिनींचा, म्हणजे गजाननच्या बायकोचा होता. एरवी त्या मला कधी फोन करत नाहीत. बाहेर येऊन उचलला. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. दुपारच्या बॅचला शिकवता शिकवता तो खाली बसला, आणि मुलांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत... मी आत जाऊन किल्ल्या उचलल्या. कोणीतरी विचारलं, "हिचं काय करायचं मग?" मी तसाच बाहेर पडलो. माझं वाक्य 'पण'वर थांबलं ते थांबलंच.

गजानन भोयर हे नाव तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. धायरीत, सिंहगड रस्त्यापासून आत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तो मुलाखतींची तयारी करून घ्यायचा. यवतमाळ, हिंगोली, नंदुरबारकडून पुण्यात इंजिनिअरिंगला आलेली मुलं त्याच्याकडे येत. ज्यांना सगळं येतं पण समोर टाय बांधलेला माणूस बसला की काहीच येत नाही, अशी. त्यातली कितीतरी आज परदेशात आहेत. ती त्याच्याबद्दल लिहितायत, भरभरून लिहितायत. मला जे लिहायचं आहे ते त्यांना माहीत नाही, आणि ते लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली आहे.

आम्ही कॉलेजात प्रोजेक्ट पार्टनर होतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट एखाद्या कंपनीत करायचा, तिथेच जमलं तर चिकटायचं, अशी तेव्हा सगळ्यांचीच धडपड असे. एरंडवण्यातल्या एका बंगल्यात थाटलेल्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्हा दोघांना घेतलं. मालकांच्या गॅरेजमध्ये सर्व्हर होता आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रिंटर. दोन हजार साल उजाडायला दीडएक वर्ष राहिलं होतं. एका अमेरिकन विमा कंपनीचे जुने प्रोग्राम उघडायचे, जिथे जिथे वर्षाचे दोनच आकडे लिहिलेत तिथे चार करायचे, आणि त्यामुळे दुसरं काही बिघडत नाही ना ते बघायचं, हे आमचं काम. कंटाळवाणं होतं, पण आम्हाला तेव्हा ते जग वाचवण्याइतकं मोठं वाटे. घरी माझे वडील, जे आयुष्यभर एकाच शाळेत शिकवत होते, विचारायचे, "म्हणजे तू दिवसभर नेमकं दुरुस्त काय करतोस?" मी सांगायचो, "वर्ष." ते म्हणायचे, "बरं. माझंही एखादं करून आण."

गजाननचं गाव आर्वीजवळ. पुण्यात तो धायरीला एका खोलीत राहायचा, तेव्हा तिथे आजूबाजूला अजून शेतं होती. पहिल्या दिवसापासून त्याने मला 'पुणेकर' म्हणायला सुरुवात केली. माझं नाव त्याने शेवटपर्यंत घेतलं नाही. "काहून रे पुणेकर, चहा पाजून राहिला का नुसता बघून राहिला?" असं तो विचारायचा आणि मी हसायचो. त्या हसण्यात काय काय होतं ते मला तेव्हाही थोडं कळत होतं.

बोलण्याआधी तो थांबायचा. काही विचारलं की एक क्षण, कधी दोन, नजर खाली. मग उत्तर यायचं आणि ते सहसा बरोबर असायचं. संध्याकाळी अमेरिकेचा फोन आला की आम्ही दोघं स्पीकरफोनच्या दोन बाजूंना उभे राहायचो. पलीकडून प्रश्न आला की तो मला मराठीत हळूच सांगायचा आणि मी ते इंग्रजीत फोनमध्ये बोलायचो. ही आमची सोय झाली होती. पलीकडच्या माणसांना एकच आवाज ऐकू जायचा, आणि बंगल्यातल्या माणसांनाही हळूहळू एकच आवाज ऐकू यायला लागला. उत्तरं माझीच, ही त्यांची समजूत मी कधी दुरुस्त केली नाही.

मुलाखतीची तालीम आम्ही त्याच्या खोलीवर करायचो. खोलीत एक घडीची लोखंडी खुर्ची होती आणि एक बादली. मी खुर्चीवर बसायचो, तो उपड्या बादलीवर, गुडघे छातीशी घेऊन. मी मुलाखत घेणारा, तो देणारा. "टेल मी अबाउट युअरसेल्फ," मी दरडावायचो. तो थांबायचा. "थांबू नकोस," मी म्हणायचो. "तू गप्प राहिलास की समोरच्याला वाटतं, तुला येत नाही. आणि बोलतोस तेव्हा पोलीस चौकीत जबानी दिल्यासारखं का बोलतोस?" तो हसायचा. एकदा म्हणाला, "तू कधी बसशील बे बादलीवर?" मी म्हटलं, "मला गरज नाही." विनोद म्हणून म्हटलं होतं. आमच्याकडे बरंच काही विनोद म्हणून म्हणतात.

मार्चमध्ये आमचे प्रोजेक्ट लीडर लेले सर मला चहाला बाहेर घेऊन गेले. गजानन आत कॉम्प्युटरपाशी होता, टपरीवरून त्याची पाठ दिसत होती. लेले सर म्हणाले, "जागा एकच आहे. काम दोघांचंही चांगलं आहे. भोयर क्लायंटसमोर उभा राहील का रे? तू त्याला जास्त ओळखतोस." मी म्हणालो, "काम उत्तम आहे त्याचं सर, पण बोलण्याचं जरा... मी बाजूला असलो तर जमतं."

इतकी वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आलो. विचारलं गेलं, खरं होतं ते सांगितलं. कोणीही हेच म्हटलं असतं. पण तेवढ्यावर ते संपलं नव्हतं. लेले सरांच्या चेहऱ्यावर अजून शंका होती. आणि मी... मी त्याची नक्कल केली. हातात चहाचा ग्लास धरून, ओठ पसरून, त्याच्या सुरात म्हणालो, "प्रोग्राम रन होऊन राहिला सर, पण काहून होऊन राहिला ते मालूम नाही." लेले सर मनापासून हसले, चहा सांडला त्यांचा. ते हसले तेव्हाच ठरलं, हे मला त्यांच्याही आधी कळलं. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

नोकरीचं पत्र मला मिळालं. गजाननने ऐकलं, थांबला, आणि म्हणाला, "मस्त झालं पुणेकर. घरी सांगितलं का?" मी सांगितलं होतं. त्याने घरी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्याचे वडील गावात सगळ्यांना सांगून बसले होते, की पोरगा पुण्यात कंपनीतच राहतो आता. हे मला त्याच्या लग्नानंतर सुषमावहिनींकडून कळलं. मग काही वर्षं तो एका पॉलिटेक्निकमध्ये तात्पुरता शिकवत होता. मी अमेरिकेला गेलो, आलो, तो बंगला विकला गेला, कंपनी दुसऱ्याच कोणाच्या पोटात गेली. आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं. ते तसंच विरून गेलं असतं तर मला चाललं असतं, खरं सांगायचं तर.

क्लास सुरू केल्यावर त्यानेच फोन केला. "रविवारी येत जा बे. पोरांना पुणेकर इंग्लिश ऐकू दे." मी गेलो. खोलीत मधोमध एक छान, पाठीला गादी असलेली फिरती खुर्ची होती आणि तिच्यासमोर प्लास्टिकचं स्टूल. मी सवयीने खुर्चीकडे वळलो. "तिथे नाही," तो म्हणाला. "खुर्ची पोरांची. घेणारा स्टुलावर." माझ्याकडे बघून हसला. "बादली फुटली, म्हणून स्टूल." आम्ही दोघंही हसलो. मुलांना काही कळलं नाही.

मग मी जातच राहिलो, जमेल त्या रविवारी. का जात होतो ते त्यानेही कधी विचारलं नाही. त्या क्लासचे नियम त्याने पहिल्या दिवशी मला सांगितले नव्हते, त्यामुळे एकदा चूक झाली. परभणीचा एक मुलगा मुलाखत देऊन बाहेर गेला. मी दार लोटलं आणि गजाननला म्हणालो, "विषय पक्का आहे याचा, पण..." तो उठला. पुढचं काही ऐकायच्या आत त्याने दार सताड उघडलं आणि जिन्यात हाक मारली, "ये बे, वापस ये. सर तुझ्याबद्दल सांगून राहिले, तू पाहिजे ना इथे." तो मुलगा येऊन परत त्या खुर्चीत बसला. मला जे म्हणायचं होतं ते त्याच्या तोंडावर म्हणावं लागलं. गंमत म्हणजे, तोंडावर म्हणताना ते अगदी वेगळं झालं. मऊ झालं, आणि जास्त खरंही. गजानन खिडकीपाशी पाठ करून उभा होता. त्याला माहीत आहे, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं. लेले सरांनी त्याला काही सांगितलं असेल का, किती सांगितलं असेल... खाली चहा घेताना मी तोंड उघडलं सुद्धा. आणि म्हणालो, "वजन कमी कर जरा. बीपी तपासतोस ना?" तो थांबला, नेहमीसारखा. मी पुढे काही बोलेन म्हणून थांबला असावा. मग म्हणाला, "तपासतो."

पुढेही असे चहा झाले, आणि प्रत्येक वेळी मी तब्येतीवरच बोललो.

दिवसकार्य झाल्यावर मी धायरीला गेलो. वहिनींना क्लास चालू ठेवायचा होता. जुनी मुलं येऊन शिकवणार होती. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "त्यांचा तो नियम आहे ना, कोणाबद्दल मागे बोलायचं नाही, दार उघडं ठेवायचं, तो चालू राहिला पाहिजे. दर बॅचला सांगायचे ते, हा नियम मी माझ्या पुणेकर मित्राकडून शिकलो. तुम्हीच शिकवला ना भाऊजी?" त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी कौतुक होतं. मी म्हणालो, "हो."

त्या 'हो'मुळे मला झोप येईना. मी हा लेख लिहायला घेतला, अर्धा झाला, आणि लक्षात आलं की हेही मी मागेच बोलतो आहे. त्याच्या मागे, आणि वहिनींच्याही. म्हणून छापायला देण्याआधी पुन्हा धायरीला गेलो. क्लासच्या खोलीत वहिनींना म्हटलं, जरा त्या खुर्चीत बसा. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. टपरी, चहा, लेले सर. शेवटी फक्त म्हणाल्या, "कशी केली होती नक्कल? करून दाखवा."

मी म्हटलं, "वहिनी, नको."

"करा ना. लेले सरांना हसवलं, मग माझ्यासमोर काहून नाही?"

मी केली. पंचवीस वर्षांनंतरही तो सूर जिभेवर तसाच आला, याची लाज वाटली. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. माझं झालं, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "असे नव्हते बोलत ते. ते आधी थांबायचे. तुम्ही थांबलेच नाहीत."

मग उठल्या, खुर्ची होती तिथे सरकवली आणि म्हणाल्या, "छापा तुम्ही. मुलांनाही कळू द्या. आणि रविवारी बॅच आहे. येणार असाल तर दार उघडं ठेवून बसा."

गेल्या रविवारी गेलो. किनवटकडची एक मुलगी समोर खुर्चीत बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी स्टुलावरून विचारलं, "स्वतःबद्दल सांग." तिने नजर खाली घातली आणि गप्प झाली. माझ्या ओठांवर आलं होतं, थांबू नकोस... जिन्यात बाकीची मुलं कुजबुजत होती, दार उघडं होतं. मी तिच्याबरोबर थांबलो.