दाढ उघडी असताना

"आ करा. कानही उघडे ठेवा."

आमचे डॉक्टर प्रत्येक पेशंटला एवढं म्हणायचे आणि तोंडात आरसा घालून पुस्तकांविषयी बोलायला लागायचे. सांगलीत तुम्ही कधी त्यांच्याकडे दाढ दाखवली असेल, तर तुम्हालाही त्यांनी काहीतरी वाचायला लावलं असणार. तोंडात कापूस असल्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. मी त्यांची मदतनीस. हत्यारं उकळता उकळता सगळं ऐकायची.

माणूस बघून पुस्तक सुचवायचे, नाहीतर स्पीकरवर संगीत लावायचे. स्पर्धा परीक्षांनी वैतागलेल्या एका मुलीला त्यांनी नुकतंच आलेलं खेकड्यांवरचं पुस्तक दिलं. म्हणाले, "यातलं तुला कुणी काही विचारणार नाही." म्हसवडचे एक निवृत्त फौजी सुईला घाबरायचे, त्यांच्यासाठी सरोदची जलद गत.

कुंडलचे ऊसवाले आबा फार तापट. मुलाशी बोलणं टाकलेलं. त्यांना डॉक्टरांनी विलंबित लयीतला मारवा राग लावला.

"ह्यो गडी फुडं सरकतच न्हाई की," आबा चूळ भरून म्हणाले.

"घाई काय आहे आबा? मोबाईलवर घालून देतो. बांधावर बसून ऐका."

पुढच्या खेपेला आबा मुलाला घेऊन आले. दाढ मुलाची होती. खुर्चीशेजारी उभे राहून म्हणाले, "डाक्टर, त्येलाबी त्योच लावा."

असा हा आमचा डॉक्टर माणूस. आता त्याच्या मनातला राग सांगते.

मॅडम, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, मूळच्या साताऱ्याच्या. त्यांचा पहिला कथासंग्रह निघाला तेव्हा साताऱ्यातच प्रकाशन ठेवलं. प्रमुख पाहुणे आमच्या सांगलीचे एक प्राध्यापक. दर रविवारी पेपरात नव्या पुस्तकांवर लिहायचे, त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. सर माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाईंचे आभार मानतो. पहिलं पान वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली."

हॉल हसला. मॅडमही हसल्या, व्यासपीठावर बसून दुसरं काय करणार? डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं सरांना कॉफी नेऊन दिली. मीही त्यांच्याबरोबर गेले होते, परतताना गाडीत मागे बसले. वाटेत उंब्रजला मॅडमनी सत्काराची शाल काढून माझ्या मांडीवर टाकली. त्यानंतर मॅडमनी एक ओळ लिहिली नाही.

बरीच वर्षं गेली. मागच्या उन्हाळ्यात गाल धरून सर स्वतः आमच्या दवाखान्यात आले. त्यांचे नेहमीचे डॉक्टर परगावी होते. सर आम्हाला ओळखतच नव्हते. तो दिवस त्यांच्या लक्षातही नव्हता. तो आमच्याच लक्षात होता.

डॉक्टरांनी शांतपणे तपासलं. "रूट कॅनॉल करावं लागेल. तीन-चार वेळा यावं लागेल."

आत येऊन मला म्हणाले, "भुलीचं इंजेक्शन जास्तीचं काढून ठेव. त्यांना अजिबात दुखता कामा नये. दुखलं तर लक्ष दुखण्याकडे जाईल."

खुर्ची मागे झुकली. "आ करा. कानही उघडे ठेवा." आणि स्पीकरवर डॉक्टरांचा स्वतःचा आवाज सुरू झाला. त्यांनी घरी मॅडमचं अख्खं पुस्तक, पहिल्या कथेपासून, वाचून रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ही तयारी कधीची, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या कथेत साताऱ्याचं नाव आलं आणि सरांचे डोळे डॉक्टरांकडे वळले. त्यांना ते प्रकाशन आठवलं होतं. हात थोडा वर उचलला गेला. पण दाढ उघडी होती, ओठ बधिर होते. जाणार कुठे?

"दुखतंय का सर?" डॉक्टरांनी विचारलं.

सरांनी मान हलवली. नाही.

"मग ऐका."

पुढच्या खेपांनाही ते आले, यावंच लागलं. पुस्तक पूर्ण झालं त्या दिवशी दाढेवर कॅप बसली. सर उठले, रुमालानं ओठ टिपत म्हणाले, "शेवटची कथा फार चांगली आहे. मी रविवारी लिहितो."

"लिहू नका," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला झोप लागली नाही, एवढं मला पुरे आहे." त्या दिवशी ते दिवसभर शीळ घालत होते.

मॅडमना कळलं तेव्हा त्या भडकल्या. "माझ्या नावानं सूड घेतलात, मला विचारलंत?" चार दिवस त्यांनी डॉक्टरांशी बोलणं टाकलं. डॉक्टरांना पश्चात्ताप झाला, असं मी म्हणणार नाही. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाले, "परत आला तर परत ऐकवीन."

ती वेळ आली नाही. दिवाळीनंतर डॉक्टर गेले. रात्री झोपले ते उठलेच नाहीत.

दहाव्यानंतर सर भेटायला आले. मी मॅडमपाशी बसले होते. चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या पुस्तकाची एक प्रत मिळेल का? मला वाचायचंय. स्वतःच्या डोळ्यांनी."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं.

"शिल्लक नाही," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मागच्या काचेच्या कपाटात न विकलेल्या प्रतींचा गठ्ठा सुतळीनं बांधलेला होता. तो सरांना दिसत होता, मलाही दिसत होता. मॅडम कपाटासमोरून हलल्या नाहीत. सरांनी चहा संपवला, चपला घातल्या आणि गेले.