अळंबीवरचा हात

वहिनी गेल्या, असा निरोप मला मुखेडला मिळाला. नांदेडला पोचलो तर घरातले सगळे रडणं बाजूला ठेवून ट्रंका उचकटत होते. हार घालायला फोटो हवा होता, आणि जन्मभर फोटोग्राफरचा संसार केलेल्या बाईचा एकही फोटो सापडत नव्हता. त्यांनी कधी काढूच दिला नाही. माझा थोरला भाऊ, दादा, अर्धं नांदेड खुर्चीत बसवून टिपायचा. घरात मात्र कॅमेरा दिसला की वहिनी चुलीकडे पसार. "मी हाय की समोर, फोटो कशाला?" एवढंच म्हणायच्या. दादाला ते फार लागायचं.

गिऱ्हाइकांच्या चुळबुळीला तो इतका विटला की निजामाच्या शेवटच्या वर्षांत त्याला रानातल्या अळंब्यांचे फोटो काढायचं वेड लागलं. त्या हलत नाहीत, हे त्याचं कारण. मी तेव्हा इस्लापूरला मास्तर होतो. एका श्रावणात दोघं माझ्याकडे आले. महायुद्धामुळे फोटोच्या काचेच्या प्लेटा मिळत नव्हत्या, त्याच्याजवळ एकच उरलेली. रानात वारुळापाशी पांढऱ्याशुभ्र अळंब्या दिसल्या. दादानं तिपाई रोवली, भिंगावरचं झाकण काढलं आणि आकडे मोजू लागला. इकडे वहिनींचा जीव वरखाली. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं तरी ती सडते म्हणतात, इथं तर एवढं मोठं डबडं रोखलेलं... भाजी हातची जाणार. त्यांनी वाकून सरळ अळंबीला हात घातला. दादानं 'हात काढ' म्हणायचं, तर तोंडाला दुकानातली सवय. "हलू नका!" तो ओरडला. वहिनी दचकून तशाच थांबल्या, आकडे संपेपर्यंत.

प्लेट वाया गेली, असं दादानं सांगितलं. त्या दिवशी वहिनींनी त्याच्या ताटात भाजी जरा जास्तच वाढली.

तेराव्याला दादानं कपाटामागून एक चौकट काढली. सापडली असती तर वहिनींनी फोटो फाडलाच असता, म्हणून इतकी वर्षं लपवलेली. चार अळंब्या, आणि बांगड्या भरलेला एक हात, नखन् नख स्पष्ट. आमच्या आत्याबाईंनी, ही काय भाजीची जाहिरात हाय का, असं विचारलंच. गुरुजी गंधाचं बोट घेऊन अडले. लावायला कपाळच नव्हतं.

"मनगटाला लावा," दादा म्हणाला. मला हसू आलं. त्यालाही आलं, आणि मग तो मोठ्यानं रडला.

आता ती चौकट त्याच्या खाटेसमोर असते. परवा गेलो, तर चष्मा लावून बघत बसला होता...

"लई हालायची रे," म्हणाला. "जन्मात एकदाच थांबली."